स्कॉटलंडचे ब्रॉख आणि दगडी थडगी पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये राहणारी मराठी मंडळी आणि सुट्टीत त्यांच्याकडे येणारे आईवडील यांच्याकडून हे प्रश्न येत राहतात. बोटींच्या वेळा आणि तिकिटांचे दर इथे दिलेले नाहीत. ते दर हंगामाला बदलतात, त्यामुळे निघण्याआधी स्वतः पाहून घ्यावेत.

१. ब्रॉख म्हणजे नेमकं काय? किल्ला की घर?

ब्रॉख म्हणजे चुना-माती न वापरता, नुसते दगड एकमेकांवर बसवून उभारलेला गोल बुरूज. कोकणातला गडगा ज्यांनी पाहिलाय त्यांना ही रचाई लगेच कळेल, फक्त हा गडगा तीनचार मजली उंच जातो. त्यासाठी केलेली युक्ती भिंतीत आहे. एकात एक अशा दोन भिंती, मध्ये पोकळी, आणि ठरावीक उंचीवर दोन्हींना बांधणाऱ्या आडव्या शिळा. वजन कमी होतं, आणि त्या पोकळीतूनच जिना वर चढत जातो. बाहेरच्या भिंतीला एकही खिडकी नसते. आत शिरायला एकच बुटकं दार, दारामागे अडसराची भोकं आणि बऱ्याच ठिकाणी बाजूला देवडी. आतल्या भिंतीला कमरेच्या किंवा डोक्याच्या वर एक दगडी कंगोरा दिसतो, त्यावर लाकडी मजला टेकत असे.

अडसर आणि देवडी पाहून आपण लगेच किल्ला म्हणून मोकळे होतो. आधीचे अभ्यासकही तसंच म्हणत. आता बहुतेकांचा कल असा की ही सधन शेतकरी कुटुंबांची घरं होती, आणि उंची शेजाऱ्यांवर छाप पाडण्यासाठीही होती. मला दोन्हीत विरोध दिसत नाही. आपल्याकडचे वाडेही राहण्यासाठीच होते, तरी त्यांना दिंडी दरवाजा होताच.

असे सुमारे ५०० अवशेष माहीत आहेत, तेही फक्त स्कॉटलंडमध्ये. केथनेस, ऑर्कनी, शेटलंड, सदरलंड, स्काय आणि पश्चिमेकडची बेटं हा त्यांचा मुख्य पट्टा.

२. ब्रॉख आणि थडगी एकाच लोकांनी बांधली का?

नाही. मधे तीन हजार वर्षांच्या आसपास अंतर आहे. मोठी दगडी थडगी नवाश्मयुगातली, म्हणजे साधारण पाच हजार वर्षांपूर्वीची आणि काही त्याहून जुनी. ब्रॉख लोहयुगातले, ढोबळमानाने इ.स.पूर्व चौथ्या शतकापासून इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकापर्यंतचे. भाजे-कार्ल्याची लेणी कोरली जात होती त्या सुमारास इकडे ब्रॉखमध्ये चूल पेटत होती. ऑर्कनीतल्या राउझी बेटावर मिडहाउचा ब्रॉख आणि मिडहाउचं थडगं चालत दोनतीन मिनिटांवर आहेत. ब्रॉखवाल्यांसाठीही ते थडगं प्राचीनच होतं.

३. पहिल्यांदाच जातोय. एकच ठिकाण सांगा.

मुख्य भूमीवर असाल तर पश्चिम किनाऱ्यावरचं, स्कायसमोरचं ग्लेनेल्ग. एकाच दरीत डन टेल्व्ह आणि डन ट्रॉडन हे दोन ब्रॉख अगदी जवळजवळ आहेत. डन टेल्व्हची भिंत दहा मीटरांच्या वर उभी आहे आणि अर्धा भाग ढासळल्यामुळे दुहेरी भिंत उभी चिरल्यासारखी उघडी दिसते. शिकण्यासाठी याहून चांगली जागा नाही. अख्ख्या ब्रॉखमध्ये जे लपलेलं असतं ते इथे रस्त्यावरून दिसतं. ढासळण्याचं एक कारण अठराव्या शतकातल्या सैनिकी बराकी. त्या जवळच बांधल्या गेल्या आणि दगड इथून नेले असं सांगतात.

हाताशी चारपाच दिवस असतील तर ऑर्कनी, कारण तिथे थडगी आणि ब्रॉख दोन्ही भरपूर आणि अंतरं कमी. उत्तरेच्या किनाऱ्याने ‘नॉर्थ कोस्ट ५००’ ही पाचशे मैलांची प्रसिद्ध चक्कर मारणारे दिवसाला सहा ठिकाणं ‘करतात’. त्यांना नंतर सगळे दगड सारखेच आठवतात. दिवसाला दोन पुरेत.

४. सगळ्यात उंच, अख्खा ब्रॉख कुठला?

शेटलंडमधल्या मूसा बेटावरचा, सुमारे १३ मीटर. भिंतीतल्या जिन्याने वरपर्यंत जाता येतं. बेटावर आता कुणी राहत नाही. उन्हाळ्यात सँडविक गावाच्या धक्क्यावरून छोटी बोट जाते, आणि समुद्र खवळला की जात नाही. म्हणून मूसा शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

आईसलँडच्या जुन्या गाथांमध्ये या बुरुजाचा दोनदा उल्लेख येतो. एकदा इ.स. ९०० च्या सुमारास पळून आलेलं जोडपं इथे आसरा घेतं. दुसऱ्यांदा ११५३ मध्ये एर्लेंड नावाचा सरदार ऑर्कनीच्या अर्लच्या आईला पळवून इथे आणतो, अर्ल वेढा घालतो आणि बुरूज काही पडत नाही. शेवटी तह होतो.

रात्रीच्या फेरीबद्दल प्रश्न १३ पहा.

५. शेतातून जावं लागतं. मालक हाकलून देईल का? परवानगी काढावी का?

स्कॉटलंडमध्ये सहसा परवानगी लागत नाही. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या कुणालाही खासगी जमिनीवरून पायी, सायकलने किंवा घोड्यावरून जाण्याचा हक्क दिला आहे. ‘जबाबदारीने’ म्हणजे काय हे ठरवणारी एक आचारसंहिताही आहे. व्यवहारात तिचा अर्थ असा: फाटक जसं सापडलं तसंच ठेवा, म्हणजे बंद होतं तर बंद आणि उघडं होतं तर उघडं. पीक उभं असेल तर बांधाच्या कडेने जा. कुंपणावरून उडी मारू नका. पायऱ्या किंवा छोटं फाटक बहुधा जवळच असतं. नसेल तर मोठं फाटक बिजागरीच्या बाजूने ओलांडा, म्हणजे ते वाकत नाही.

अपवाद: कुणाच्या घराचं आवार आणि बाग, शेतातल्या इमारती, आणि आधीपासून तिकीट लावलेल्या जागा. घराच्या अंगणातून वाट जाते असं वाटलं तर दार वाजवून विचारा. ‘हो’ तर म्हणतातच, वर गप्पाही मारतात.

हा हक्क गाडीला नाही. गाडीचं प्रश्न ७ आणि १५ मध्ये.

६. इंग्लंड, वेल्स, आयर्लंडमध्येही असंच चालतं का?

नाही. इंग्लंड-वेल्समध्ये ठरवून दिलेल्या पायवाटा आणि नकाशावर खुली दाखवलेली माळरानं एवढ्यापुरताच हक्क आहे. आयर्लंडमध्ये असा सर्वसाधारण हक्क नाहीच. तिथे शेतातलं थडगं पाहायचं तर मालकाची मर्जी.

७. आईबाबा भारतातून आलेत. बाबा गाडी चालवू शकतील का? रस्ते कसे आहेत?

पाहुणे म्हणून आलेल्यांना वैध भारतीय परवान्यावर बारा महिन्यांपर्यंत मोटार चालवता येते. भाड्याने गाडी देणाऱ्यांचे वयाचे नियम मात्र आपापले असतात, ते आधी विचारा.

आपली वाहतूकही डावीकडूनच, तेव्हा त्याची अडचण नाही. अडचण आहे एकपदरी रस्त्यांची. समोरून गाडी आली की जवळच्या थांब्याशी एकाने थांबायचं. थांबा तुमच्या डाव्या हाताला असेल तर आत शिरा, उजव्या हाताला असेल तर त्याच्या समोर रस्त्यावरच थांबा. हे थांबे गाडी लावून ठेवण्यासाठी नाहीत, ‘पाच मिनिटं फोटो काढतो’ म्हणूनही नाहीत. मागून स्थानिक माणूस येत असेल तर त्याला पुढे जाऊ द्या, त्याला कामावर जायचं असतं. ग्लेनेल्गला जाणारा घाट वळणावळणाचा आहे. गाडी लागणाऱ्यांना गोळी आधी द्या.

८. गाडी नाही. तरी काही बघता येईल का?

येईल. शेटलंडच्या लरविकमध्ये क्लिकिमिनचा ब्रॉख शहरातच, तळ्याच्या काठाला आहे, गावातून चालत जाता येतं. यार्ल्सहॉफ शेटलंडच्या विमानतळाच्या शेजारी आहे. तिथे कांस्ययुगापासून सतराव्या शतकापर्यंतची वस्ती एकावर एक चढलेली दिसते आणि ब्रॉखचा अर्धा भाग समुद्राने खाल्लाय. राउझीला ऑर्कनीतल्या टिंगवॉलहून बोटीने सायकल घेऊन जा. बेटाचा रस्ता गोल फिरतो, चढ मात्र चांगलेच लागतात.

९. कोणत्या महिन्यात जावं?

मे आणि जून. दिवस प्रचंड मोठा असतो, पाऊस त्या मानाने कमी, आणि चिलटं अजून पूर्ण जोरात नसतात. जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिम किनाऱ्यावर ही चिलटं जीव नकोसा करतात. ऑर्कनी-शेटलंडला सतत वारा असल्याने तिथे त्रास बराच कमी. डिसेंबरात ऑर्कनीला जेमतेम सहा तास उजेड मिळतो, पण एका कारणासाठी लोक मुद्दाम तेव्हाच जातात (प्रश्न १०).

१०. मेझहाउला बुकिंग लागतं का? आत घुसमटतं का?

लागतं. ऑर्कनीतल्या या थडग्यात फक्त ठरलेल्या वेळी, मार्गदर्शकासोबत जाता येतं. माहिती केंद्रापासून बसने नेतात. उन्हाळ्यात क्रूझ जहाजं लागली की जागा झटकन भरतात. आत फोटो काढू देत नाहीत, आणि त्यामुळे लोक खरोखर बघतात.

प्रवेशाची वाट सुमारे दहा मीटर लांब आणि जेमतेम मीटरभर उंच. पूर्ण वाकून, बदकासारखं चालत जावं लागतं. आतली खोली मात्र ऐसपैस, मोठा माणूस सरळ उभा राहतो आणि वरही भरपूर जागा उरते. म्हणून बंद जागेची भीती असणाऱ्यांना मी सांगतो: वाटेचा त्रास अर्ध्या मिनिटाचा आहे, मधोमध रांगेत थांबायचं नसेल तर मार्गदर्शकाला सांगून शेवटी शिरा. गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर ही जागा सोडून द्या.

हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपासचे काही आठवडे मावळतीचा सूर्य त्या वाटेतून थेट आतल्या मागच्या भिंतीवर पडतो. आभाळ मोकळं असेल तरच, आणि डिसेंबरात ऑर्कनीचं आभाळ मोकळं असणं ही नशिबाची गोष्ट.

भिंतींवर रून या जुन्या उत्तर युरोपीय लिपीतले तीसहून अधिक लेख कोरलेले आहेत. बाराव्या शतकात नॉर्स (मूळचे स्कँडिनेव्हियातले) लोक छत फोडून आत शिरले आणि लिहून गेले: कुणी आपलं नाव, कुणी एका बाईच्या देखणेपणाबद्दल, कुणी दडवलेल्या खजिन्याबद्दल. आपल्या गडांवर खिळ्याने नावं कोरणारे या उदाहरणाचा आधार घेऊ नयेत म्हणून सांगतो, त्यांच्या वेळी पुरातत्त्व कायदा नव्हता.

११. गुडघे दुखतात, पण थडगं आतून बघायचंय. कुठे जावं?

राउझीवरचं मिडहाउ. अख्ख्या थडग्यावर १९३० च्या दशकात दगडी शेड बांधली, आणि वरून जाणाऱ्या पुलांवरून तुम्ही खाली पाहता. आतली खोली २३ मीटर लांब, उभ्या शिळांनी बारा कप्प्यांत विभागलेली. रांगावं लागत नाही. पण रस्त्यापासून किनाऱ्यापर्यंतची वाट तीव्र उताराची आहे आणि परतताना तोच चढ. गुडघ्यांच्या गोष्टी सोडा, दम किती आहे ते बघा.

याहून सोपं म्हणजे इन्व्हर्नेसजवळ कलोडनच्या बाजूचं क्लाव्हा. सपाट जमीन, झाडी, वर छत उरलेलं नाही त्यामुळे थडग्यात सरळ चालत जाता येतं. ब्रॉखांपैकी ऑर्कनीतला गर्नेस आणि शेटलंडचा क्लिकिमिन वयस्करांना जमण्यासारखे.

१२. मुलांना रांगत जायचंय! कुठली थडगी?

ऑर्कनीतलं क्यूवीन आणि केथनेसमधली कॅम्स्टरची थडगी. दोन्हीकडे कुणी रखवालदार नसतो, तिकीट नाही, दार ढकलायचं आणि हातागुडघ्यांवर आत जायचं. डोक्याला लावायची बॅटरी हवीच, मोबाइलचा उजेड पकडून रांगता येत नाही. जुनी पँट घाला, खाली चिखल असतो. क्यूवीनमध्ये माणसांच्या अवशेषांबरोबर २४ कुत्र्यांच्या कवट्या मिळाल्या होत्या. हे मुलांना बाहेर आल्यावर सांगायचं की आत असताना, ते तुम्ही ठरवा. कॅम्स्टरला रस्त्यापासून लाकडी फळ्यांची वाट आहे आणि आतल्या खोलीत वरून उजेड येतो, म्हणून लहानग्यांसाठी आधी ते.

आत गेल्यावर दोन मिनिटं सगळ्या बॅटऱ्या बंद करून बसा. बाहेर येताना दार ओढून घ्या, नाहीतर मेंढ्या शिरतात.

१३. मूसाची रात्रीची फेरी कशासाठी असते?

पक्ष्यांसाठी. ‘स्टॉर्म पेट्रेल’ नावाचे चिमणीपेक्षा थोडे मोठे समुद्रपक्षी ब्रॉखच्या भिंतीतल्या फटींत घरटी करतात. दिवसभर समुद्रावर असतात आणि शिकारी पक्ष्यांच्या धाकाने अंधार पडल्यावरच परततात. मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत, अकराच्या पुढे, भिंत आतून गुरगुरायला लागते आणि डोक्याभोवती पंख फडफडतात. लाल किंवा मंद उजेड वापरा, फ्लॅश नको, फटींत हात तर अजिबात नको. उजेड उरलेला असल्याने फार गडद रात्र होतच नाही.

१४. भिंतीवर चढलं तर चालेल का? ड्रोन?

जिथे जिना आहे तिथे जिन्याने. बाकी भिंतीवर नाही. चुना नसलेल्या रचाईत वरचा एक दगड हलला की खालच्यांवरचा दाब बदलतो आणि पुढच्या थंडीत तो भाग फुगून बाहेर येतो. ढासळलेले दगड उचलून छोटे मनोरे रचण्याची हौसही नको. पुरातत्त्ववाल्यांना पडलेला दगड कुठे पडला यावरूनच भिंत कशी कोसळली ते कळतं.

सरकारी देखभालीतल्या जागांवर ड्रोन उडवायला ‘हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड’ या खात्याची आधी परवानगी लागते. हवाई नोंदणीचे नियम वेगळे, तेही पाळायचे.

१५. ब्रॉखच्या आत तंबू टाकावा का? वाऱ्यापासून आडोसा छान मिळतो.

मिळतो, तरी नको. प्रश्न ५ मधल्या हक्कात लहान तंबूतला मुक्काम बसतो, पण तीच आचारसंहिता ऐतिहासिक वास्तूंपासून दूर तंबू लावायला सांगते. नजरेच्या टप्प्यात, थोडं अंतर ठेवून लावा. शेकोटी नाही. आचेने दगड तडकतात. कॅम्परव्हॅनला हा हक्क लागू नाही, कारण तो मोटारगाड्यांना मुळातच नाही.

१६. आत खापराचा तुकडा सापडला. खिशात टाकला तर?

गुन्हा ठरू शकतो. यातली बहुतेक स्थळं १९७९ च्या कायद्याखाली संरक्षित आहेत, तिथे खोदणं, दगड हलवणं, धातुशोधक यंत्र परवानगीशिवाय फिरवणं या सगळ्याला शिक्षा आहे. त्याशिवाय स्कॉटलंडमध्ये जमिनीत सापडलेली कुठलीही मालक नसलेली जुनी वस्तू राजसत्तेची. सोनं-चांदीच असावी असं नाही, खापरही त्यात आलं, आणि जमीन तुमची असली तरी हाच नियम. तुकडा होता तिथेच राहू द्या, जागेसकट फोटो काढा आणि स्थानिक संग्रहालयाला कळवा.

१७. थडग्यात हाडं असतात का? बाहेर आल्यावर आंघोळ करायची का, आई विचारतेय.

हाडं आता तिथे नाहीत. उत्खननात निघालेली बहुतेक संग्रहालयांत गेली. जी मिळाली ती सहसा अख्खे सांगाडे नव्हते. बऱ्याच थडग्यांत हाडं सुटी होती, कधी कवट्या एकीकडे नीट लावलेल्या. मिडहाउत २५ जणांचे अवशेष मिळाले, तर ऑर्कनीच्याच इस्बिस्टरच्या थडग्यात हजारो सुटी हाडं आणि त्यांच्यासोबत समुद्री गरुडांच्या नख्या.

आंघोळीचं: सुतक-विटाळाचे आपले नियम आपल्या माणसांसाठी आहेत. मला वाटतं पाच हजार वर्षांनी कुणाचं सुतक उरत नाही. पण आईंना बरं वाटणार असेल तर क्यूवीनचा चिखल पाहता आंघोळ तशीही करावीच लागेल.

१८. फूल वाहिलं, पणती लावली तर?

भावना समजते, तरी नको. इथले लोकही मेणबत्त्या आणि नाणी ठेवून जातात आणि त्याचा त्रास वाढतोय. काजळी दगडावरून निघत नाही, मेण सच्छिद्र दगडात मुरतं, आणि प्लास्टिकच्या फितीत गुंडाळलेली फुलं मेंढ्या खातात. हात जोडले तरी पुरे.

१९. नकाशावर ‘ब्रॉख’ लिहिलंय आणि तिथे नुसता गवताळ उंचवटा आहे. चुकलो का?

बहुधा बरोबर पोचलात. पाचशेतल्या बहुतेकांचं हेच रूप आहे, कधीच न खोदलेले किंवा दगड शेताच्या कुंपणांत गेलेले. गर्नेसही १९२९ पर्यंत असाच एक टेकाड होता. रॉबर्ट रेंडल हा ऑर्कनीचा कवी तिथे चित्र काढत बसला असताना त्याच्या स्टुलाचा पाय जमिनीत रुतला, त्याने दगड बाजूला केले आणि खाली जिना निघाला. पुढे खोदल्यावर ब्रॉखभोवती अख्खं गाव सापडलं.

फुकट पायपीट नको असेल तर ऑर्डनन्स सर्व्हेच्या १:२५,००० नकाशावर जुन्या वळणाच्या अक्षरांत छापलेली नावं शोधा, मग ‘ट्रोव्ह’ या सरकारी संकेतस्थळावर त्या स्थळाचं वर्णन आणि फोटो पहा. २०२५ पर्यंत हे काम ‘कॅनमोर’वर होत असे. सदरलंडचा डन डॉर्नेगिल उलट प्रकारचा आहे: बाहेरून भिंत झकास उंच आणि दारावर मोठी त्रिकोणी शिळा, पण आतला भाग दगडांनी भरलेला, शिरता येत नाही.

२०. गाई, कुत्री, किडे?

वासरू सोबत असलेल्या गाईंपासून लांबून जा. आपल्याकडच्या गाईंची सवय इथे कामाची नाही. एप्रिल-मेमध्ये मेंढ्या वितात, तेव्हा तुमचा कुत्रा दोरीला बांधूनच, किंवा गाडीत. उंच गवतातून फिरल्यावर रात्री गुडघ्यामागे आणि काखेत गोचीड बघा. तिच्यातून लाइम नावाचा आजार होतो. औषधाच्या दुकानात ती काढायचा छोटा आकडा मिळतो, तो किटमध्ये ठेवा. चावल्यावर गोल लाल चट्टा पसरू लागला तर डॉक्टरांकडे जा.

२१. दोन वर्षांपूर्वीच्या लेखात उघडं लिहिलंय, गेलो तर कुंपण!

गेल्या काही वर्षांत सरकारी देखभालीतल्या अनेक वास्तूंवर उंचावरचे दगड सैल आहेत का हे तपासण्यासाठी तात्पुरती कुंपणं लागली, काही उघडली, काही राहिली. आदल्या रात्री त्या खात्याचं (प्रश्न १४) संकेतस्थळ बघा. कुंपणाच्या आत प्रश्न ५ मधला हक्क दाखवू नका. इस्बिस्टरचं थडगं, जिथे पाठीवर झोपून चाकांच्या फळीवरून आत सरकायचं, ते तर २०२० मध्ये बंद झालं. जुन्या लेखांवर विसंबून तिथे जाऊ नका, सद्यस्थिती आधी विचारा.

२२. आपल्याकडे असं काही आहे का?

बुरूज नाहीत, दफनं आहेत. नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड इथे मोठ्या धोंड्यांची वर्तुळं आहेत आणि मध्ये दफनं. ती लोहयुगातली, म्हणजे काळाने ऑर्कनीच्या थडग्यांपेक्षा ब्रॉखना जवळची. माहुरझरीला घोड्यांचे सांगाडे तांब्याच्या साजासह मिळाले. जुनापाणीच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत, आणि तसेच खळगे क्लाव्हाच्या दगडांवरही आहेत. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने भारतातल्या अशा खळग्यांची युरोपातल्या खळग्यांशी तुलना केली होती. दोन्हींचा थेट संबंध मात्र कुणी सिद्ध केलेला नाही, आणि काळातही मोठं अंतर आहे. जुनापाणीला जायचं तर थंडीत, सकाळी लवकर. तिथे चिलटं नाहीत, सावलीही नाही.